सोसायटीच्या नियमांतील वांशिक विलगीकरण कसे ओळखावे आणि कसे दूर करावे

आमच्या इमारतीला दोन जिने आहेत. पुढचा जिना रस्त्याच्या बाजूने चढतो, त्याला खिडक्या आहेत आणि प्रत्येक मजल्यावर दिवा आहे. मागचा जिना पार्किंगमधून, विजेच्या मीटरच्या पेट्यांना लागून आणि कचऱ्याच्या डब्यांशेजारून वर जातो. काही वर्षांपूर्वी मी कमिटीचा मंत्री असताना (बडोद्यात गुजराती रिवाजाप्रमाणे सोसायटीच्या अध्यक्षाला प्रमुख आणि चिटणिसाला मंत्री म्हणतात) 'परदेशी विद्यार्थी-भाडेकरूंनी मागील जिन्याचा वापर करावा' असा एका ओळीचा ठराव सभेत मंजूर झाला आणि तो मी स्वतःच्या हाताने मिनिट बुकात लिहिला. तिसऱ्या मजल्यावर तेव्हा टांझानियाहून शिकायला आलेला एक मुलगा भाड्याने राहत होता. एका संध्याकाळी तो भरलेला गॅस सिलिंडर घेऊन पार्किंगमध्ये उभा होता. मला पाहून म्हणाला, "अंकल, मागे दिवा नाही. आज एक दिवस पुढून गेलो तर चालेल का?" इतर सगळे जे रोज सहज करतात, त्यासाठी तो माझी परवानगी मागत होता, आणि ती देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार मला त्या एका ओळीने मिळाला होता.

तो ठराव रद्द व्हायला पुढे सात महिने लागले. तेवढ्या काळात मी जे वाचले, ज्या चुका केल्या आणि जे अखेर उपयोगी पडले, ते सारे या मार्गदर्शिकेत मांडले आहे. ज्यांच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे, जे फतेगंज, प्रतापगंज किंवा वाघोडिया रस्त्याकडे विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देतात, किंवा जे एखाद्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत, त्यांच्यासाठी ती लिहिली आहे. बडोद्यात आफ्रिकी देशांतून आणि ईशान्य भारतातून मुले-मुली शिकायला येतात. त्यांना घर कसे मिळते, आणि मिळाल्यावर ते कोणत्या अटींवर मिळते, हे ठरवणारे आपणच असतो.

विलगीकरण म्हणजे नेमके काय

माणसाच्या वंशावरून, कातडीच्या रंगावरून किंवा जन्मावरून त्याची बसण्याची, राहण्याची, शिकण्याची किंवा ये-जा करण्याची जागा निराळी ठरवणे, यास वांशिक विलगीकरण म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ डिसेंबर १९६५ रोजी सर्व प्रकारचा वंशभेद नष्ट करण्याविषयीचा जो करार स्वीकारला, त्याच्या पहिल्या कलमात वंश, वर्ण, जन्मकुळ आणि राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांवरून केलेला भेद मोडतो, आणि तिसऱ्या कलमात विलगीकरणाचा व दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी व्यवस्थेचा नाव घेऊन निषेध केलेला आहे. भारताने हा करार १९६८ मध्ये मान्य केला. या कराराची देखरेख करणाऱ्या समितीने १९९५ मध्ये असेही स्पष्ट केले की विलगीकरण सरकारनेच केलेले असते असे नाही, खासगी व्यक्तींच्या वागण्यातूनही ते घडून येते. सोसायटीच्या कमिटीला हे वाक्य थेट लागू पडते.

मराठी माणसाला ही कल्पना नवी नाही. पंक्तिभेद, शिवाशिव, वेगळा पाणवठा, गावकुसाबाहेरची वस्ती हे शब्द आपल्या भाषेत केव्हापासूनचे आहेत, आणि त्या प्रत्येकात जागेचाच उल्लेख आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सद्गृहस्थांनी निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त केले त्यांना अर्पण केले होते, म्हणजे इथला भेद आणि तिथला भेद शेजारी ठेवून पाहण्याची दृष्टीही आपल्याकडे दीडशे वर्षांची आहे. जात आणि वंश एकच आहेत असे मी म्हणत नाही. परंतु माणसाला वेगळे पाडण्याची रीत दोन्हीकडे सारखीच चालते, आणि ज्याने एकीकडे ती पाहिली आहे त्याला दुसरीकडे ती ओळखू यायला हवी.

प्रथम ठराव शब्दशः उतरवून घ्यावा

तोंडी चर्चेत नियम नेहमी सौम्य वाटतो. म्हणून मिनिट बुकातील, सूचना फलकावरील आणि वॉचमनला दिलेल्या सूचनांतील शब्द जसेच्या तसे एका कागदावर उतरवून घ्यावेत. पुष्कळ सोसायट्यांत असा नियम लिहिलेलाच नसतो. तो दलालाला फोनवर सांगितलेला असतो किंवा भाड्याच्या जाहिरातीत 'फक्त फॅमिलीसाठी' या शब्दांआड दडलेला असतो. अशा वेळी तो आपणच एका वाक्यात लिहून कमिटीला विचारावे की हाच आपला नियम आहे का. हा प्रश्न कागदावर आला की पुष्कळदा अर्धे काम तिथेच होते, कारण तोंडी चालणाऱ्या गोष्टीवर सही करायला कोणी तयार होत नाही.

नंतर ते वाक्य वाचून पाहावे की नियम माणसाच्या वागण्याला लागतो की माणसाला. 'रात्री दहानंतर गाणी मोठ्याने लावू नयेत' हा नियम वागण्याला लागतो. त्या वागण्यापासून दूर राहून कोणालाही त्यातून सुटता येते. 'परदेशी विद्यार्थ्यांनी मागील जिना वापरावा' या नियमातून सुटण्यासाठी मात्र त्या मुलाला काहीच करता येत नव्हते. तो वेळेवर भाडे देत होता, दारात चपला नीट लावत होता, उत्तरायणाला गच्चीवर आला तेव्हा मुलांच्या फिरक्या धरून उभा राहिला होता, तरी जिना मागचाच. कितीही चांगले वागून ज्या नियमातून सुटका नाही तो विलगीकरणाचा नियम, असे मी तेव्हापासून धरून चालतो.

शब्द बदलून पाहण्याची आणखी एक कसोटी बडोद्यातील मराठी वाचकाला विशेष उपयोगी पडेल. ठरावातील 'परदेशी' हा शब्द काढून तिथे 'महाराष्ट्रीय' घालावा आणि वाक्य मोठ्याने वाचावे. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात किंवा वाडीत आपल्या कित्येक पिढ्या राहिल्या, तरी या राज्यात आपण संख्येने थोडेच आहोत. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंना मी हे वाक्य असे वाचून दाखवले तेव्हा त्या चटकन म्हणाल्या, "असं कोण म्हणेल आपल्याला? तोंड आहे का कोणाचं?" त्यानंतर त्या ठरावाच्या बाजूने बोलल्या नाहीत.

मग ठरावातील शब्द आणि प्रत्यक्ष व्यवहार ताडून पाहावेत. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. आमच्या ठरावात 'परदेशी' हा शब्द होता, पण दुसऱ्या मजल्यावर एका कुटुंबाकडे जर्मनीहून पाहुणी विद्यार्थिनी येऊन दोन महिने राहिली, तेव्हा तिला मागचा जिना कोणी दाखवला नाही; उलट पुढच्या जिन्यावर तिच्यासोबत फोटो काढले गेले. म्हणजे नियम परदेशी माणसासाठी नव्हताच, तो काळ्या रंगासाठी होता. अमेरिकेतील लुईझियाना राज्याने १८९० मध्ये गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी रेल्वेचे डबे वेगळे करणारा कायदा केला, त्यातही अशीच एक सवलत होती: दुसऱ्या वंशाच्या मुलांना सांभाळणाऱ्या दाईला तो कायदा लागू नव्हता. काळी स्त्री गोऱ्यांच्या डब्यात त्यांचे मूल मांडीवर घेऊन बसली तर चालत असे, तिकीट काढून स्वतःसाठी बसली तर चालत नसे. आपल्या सोसायटीच्या नियमाला कोणाकोणासाठी अपवाद केला जातो याची यादी करावी. नियमामागचा हेतू त्या यादीत उघडा पडतो.

जिना चढून पाहावा, पण मोजमापावर विसंबू नये

माझी पहिली चूक इथे झाली. मी दोन्ही जिन्यांच्या पायऱ्या मोजल्या, मागच्या जिन्यावर दिवा नसल्याचे, कठडा हलत असल्याचे आणि पावसाळ्यात खालच्या पायरीपर्यंत पाणी साचत असल्याचे टिपून घेतले आणि ती सगळी यादी कमिटीपुढे ठेवली. प्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरोबर आहे. दिवा लावून देऊ, कठडाही नीट करून घेऊ. मग तर काही तक्रार नाही?" पंधरा दिवसांत मागच्या जिन्यावर दिवा लागला आणि माझ्याजवळ बोलायला काही उरले नाही.

हाच डाव अमेरिकेत अर्धशतकाहून अधिक काळ चालला. ७ जून १८९२ रोजी न्यू ऑर्लीन्समध्ये होमर प्लेसी पहिल्या वर्गाचे तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसले. त्यांच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी सात गोरे होते. पाहून त्यांचा वंश ओळखता आला नसता, म्हणून आपण कोण आहोत हे त्यांनी स्वतः सांगितले आणि अटक करवून घेतली, कारण त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना या कायद्याला न्यायालयात आव्हान द्यायचे होते. (बरोबर एक वर्षाने, ७ जून १८९३ रोजी, दक्षिण आफ्रिकेतील पीटरमारिट्झबर्ग स्टेशनवर पहिल्या वर्गाचे तिकीट हातात असलेल्या मोहनदास गांधींना डब्याबाहेर काढण्यात आले. दोन्ही तारखा जुळतात हा योगायोग, पण दोन्हीकडे माणूस होता पहिल्या वर्गाचे तिकीट घेतलेला.) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये सात विरुद्ध एक अशा मताने निकाल दिला की सोयी सारख्या असतील तर वेगळे ठेवण्यात गैर काही नाही, आणि वेगळेपणात कमीपणा वाटत असेल तर तो काळ्या लोकांनी स्वतःच मानून घेतलेला आहे. न्यायमूर्ती हार्लन एकटेच विरोधात होते.

त्यानंतर काळ्या वकिलांनी बराच काळ सोयींचीच लढाई लढली. हीमन स्वेट यांना टेक्सास विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयात रंगावरून प्रवेश नाकारला गेला आणि ते न्यायालयात गेले, तेव्हा राज्याने त्यांना प्रवेश देण्याऐवजी काळ्यांसाठी निराळे कायदा महाविद्यालयच उघडून दिले. आमच्या मागच्या जिन्यावर लावलेला दिवा तो हाच. १९५० मध्ये न्यायालयाने म्हटले की प्राध्यापक आणि पुस्तके मोजता येतात, परंतु संस्थेचा लौकिक, तिचे माजी विद्यार्थी आणि ज्या लोकांत पुढे वकिली करायची त्यांच्यासोबत शिकण्याची संधी नव्या महाविद्यालयात आणता येत नाही. अखेर १७ मे १९५४ रोजी, शाळांविषयीच्या ब्राऊन खटल्यात, नऊही न्यायमूर्तींनी एकमताने मान्य केले की शिक्षणात वेगळे ठेवणे हेच मुळात असमान ठेवणे आहे. त्या निकालामागील एक पुरावा केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या प्रयोगांचा होता. त्यांनी लहान काळ्या मुलांपुढे एक गोरी आणि एक तपकिरी बाहुली ठेवून चांगली कोणती असे विचारले, आणि बहुतेक मुलांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवले.

म्हणून माझा सल्ला असा की मोजमाप जरूर करावे, फोटो काढावेत, पण मागणी कधीही 'मागचा जिना सुधारा' अशी करू नये. मागणी एकच असावी: कोणी कोणत्या जिन्याने जावे हे कमिटीने ठरवू नये.

दिल्या जाणाऱ्या कारणांना कशी उत्तरे द्यावीत

सभेत उघडपणे कोणी 'आम्हाला काळा माणूस नको' असे म्हणत नाही. कारणे निराळी दिली जातात, आणि त्यांतील काही खरीही असतात. प्रत्येक कारण ऐकून घ्यावे, त्यातील खरा भाग वेगळा काढावा आणि त्यावर सर्वांना सारखाच लागू होणारा नियम करावा. रात्रीचा गोंगाट ही खरी तक्रार असेल तर रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळण्याचा नियम सगळ्या इमारतीसाठी करावा, आणि नवरात्रीत किंवा लग्नात तो आपल्यालाही लागू राहील याची तयारी ठेवावी.

'कागदपत्रांची कटकट नको' हे कारण बहुतांशी अज्ञानातून येते. परदेशी नागरिक राहायला आल्यावर घरमालकाने २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची असते. त्यासाठी पासपोर्ट व व्हिसाचे तपशील लागतात. भाडेकरूची नोंद पोलिसांकडे करावी लागते ती आपल्या देशातील भाडेकरूच्या बाबतीतही. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट आणि ओळखपत्राची प्रत या बाबी सगळ्यांना सारख्याच. परदेशी विद्यार्थ्याकडून दुप्पट डिपॉझिट घेणे हा मात्र कायद्याचा भाग नाही. ती घरमालकाची मर्जी आहे आणि तिलाही वर सांगितलेल्या कसोट्या लावून पाहाव्यात.

'घरांची किंमत घसरते' हे कारण जास्त चिवट आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत घरकर्जासाठी नेमलेल्या सरकारी महामंडळाने शहरांचे नकाशे तयार केले, वस्त्यांना हिरवा, निळा, पिवळा आणि लाल असे चार रंग दिले, आणि जिथे काळे लोक राहत होते त्या वस्त्या सर्रास लाल दाखवल्या. तिथे कर्ज देणे धोक्याचे मानले जाऊ लागले, कर्ज नाही म्हणून दुरुस्ती होईना, दुरुस्ती नाही म्हणून भाव उतरले, आणि उतरलेला भाव दाखवून लोक म्हणू लागले की पाहा, काळे शेजारी आले की किंमत घसरतेच. सभेत हे कारण आले तर आपल्या गल्लीतील कोणत्या घराची किंमत, कधी आणि कशामुळे उतरली हे विचारावे. आमच्या सभेत एकालाही उदाहरण देता आले नाही.

आणि मग ते वाक्य, जे मी स्वतःही उच्चारले आहे: 'आमचं काही नाही हो, पण शेजारी काय म्हणतील?' या वाक्याविषयी बडोद्याच्या माणसाने थोडे थांबून वाचावे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर सप्टेंबर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी बडोद्यात आले, तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळाली नाही. ते पारशी नाव लावून एका पारशी सरायीच्या वरच्या मजल्यावर राहिले. तिथे दुसरा पाहुणा नव्हता आणि पुरेसा उजेडही नव्हता. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी खोलीपुढे येऊन उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांनी बजावले. त्या दिवशी ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता. त्याला वाईट वाटले, पण तू आलास तर माझे नोकर सोडून जातील, असे तो म्हणाला. दुसरा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण होता. त्याने सांगितले की पत्नीला विचारल्याशिवाय काही सांगता येणार नाही. दोघांपैकी एकानेही स्वतः नकार दिला नाही. एकाने नोकर पुढे केले, दुसऱ्याने पत्नी. डॉ. आंबेडकर कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, एका वडाखाली जाऊन बसले आणि रात्री नवाच्या गाडीने मुंबईला गेले. सराय सोडताना तिथला व्यवस्थापक समोर आला, पण दोघांच्याही तोंडून शब्द फुटला नाही. त्यांनी बिल दिले आणि त्याने ते मुकाट्याने घेतले. सयाजी बागेतील तो वड आज संकल्पभूमी म्हणून सर्वांना माहीत आहे, आणि आपल्यापैकी अनेकजण त्याच्यापासून काही पावलांवर सकाळी फिरायला जातात. शेजाऱ्यांच्या नावावर नकार ढकलण्याची सवय या शहरात किती जुनी आहे आणि तिची किंमत कोणी चुकवली हे त्या जागी उभे राहिले की समजते.

शेजारी खरोखर काय म्हणतात हे विचारून पाहण्याचा मार्ग साधा आहे: घरोघरी जाऊन विचारावे. आमच्या अठरा घरांपैकी अकरा घरांनी सांगितले की त्यांची हरकत कधीच नव्हती, त्यांना वाटत होते की ती दुसऱ्यांची आहे.

कोणाला पटत नसेल तर एक प्रयोग करून दाखवता येतो. बुद्धिबळाचा पट घ्यावा, त्यावर दोन रंगांच्या सोंगट्या सरमिसळ मांडाव्यात आणि काही घरे रिकामी ठेवावीत. ज्या सोंगटीच्या शेजाऱ्यांत निदान एक तृतीयांश तिच्या रंगाच्या नसतील, तिला रिकाम्या घरात हलवावे. एवढ्या माफक अपेक्षेवरही काही फेऱ्यांत पटावर दोन रंगांचे वेगवेगळे मोहल्ले तयार होतात. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये हे दाखवून दिले. मी हा प्रयोग सोसायटीतल्या मुलांसोबत केला आणि मोठी माणसे आपोआप भोवती जमली. मात्र हा पट पाहून 'म्हणजे कोणाचाच दोष नाही' असा निष्कर्ष कोणी काढू लागला तर त्याला थांबवावे, कारण अमेरिकेतील आणि दक्षिण आफ्रिकेतील वस्त्या आपोआप वेगळ्या झाल्या नव्हत्या. त्यामागे कायदे, कर्जाचे नकाशे आणि पोलीस होते.

कायदा कुठवर साथ देतो

याबाबत खोटी आशा ठेवू नये. घर भाड्याने देताना वंशावरून भेद करण्यास मनाई करणारा, अमेरिकेतील १९६८ च्या कायद्यासारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. राज्यघटनेचे कलम १५ (२) दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते अशा ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून नागरिकाला अडवण्यास मनाई करते; ईशान्येकडील मुलांच्या बाबतीत हे कलम सभेत वाचून दाखवावे. अनुसूचित जातीच्या कुटुंबाला अस्पृश्यतेच्या कारणावरून घर घेण्यास किंवा तिथे राहण्यास अडवले तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या चौथ्या कलमाखाली तो गुन्हा ठरतो. दुसऱ्या बाजूला, २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा पोटनियम वैध मानला. मला तो निकाल पटत नाही, पण तो आहे, आणि कमिटीतील एखादा वकील तो नक्की पुढे करील. त्याला सांगावे की तो निकाल सभासद कोणाला करून घ्यावे याविषयी होता. इमारतीत आधीच राहणाऱ्या माणसाने कोणत्या जिन्याने जावे याविषयी नव्हता.

सभेत ठराव मांडताना

ज्याच्यावर नियम लादला गेला आहे त्याच्याशी आधी एकट्याने बोलावे. त्याला काय हवे आहे ते विचारावे, आणि त्याने गप्प राहायचे ठरवले तर त्याचा मान राखावा. त्याचे घर, व्हिसा, परीक्षा हे सगळे पणाला लागलेले असते. त्याला सभेत नमुना म्हणून उभे करू नये. त्याचे नाव नीट उच्चारायला शिकावे. आफ्रिकेतून आलेल्या प्रत्येकाला 'नायजेरियन' म्हणणे, ईशान्येच्या मुलीला 'चिनी' म्हणणे आणि 'हबशी', 'काळू' असे शब्द घरात लहान मुलांसमोर वापरणे आधी आपण थांबवावे. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतात. गुजरातमध्ये सिद्दी समाज शतकानुशतके राहतो आहे आणि गुजराती बोलतो, हे मात्र आमच्या सभेतील निम्म्या लोकांना माहीत नव्हते.

सभेच्या नोटिशीत विषय स्पष्ट लिहावा, 'इतर विषय' या सदरात तो लपवू नये. ठरावाची भाषा कोणावरही आरोप करणारी नसावी, पण संदिग्धही नसावी. आमच्या ठरावाचा मसुदा असा होता: 'मागील जिन्याच्या वापराविषयीचा पूर्वीचा ठराव रद्द करण्यात येत आहे. इमारतीतील दोन्ही जिने, गच्ची, पार्किंग व पाण्याचे नळ सर्व सभासद, भाडेकरू, त्यांचे पाहुणे आणि कामासाठी येणाऱ्या सर्व व्यक्ती यांना सारखेच खुले राहतील. वापरासंबंधीचे कोणतेही निर्बंध यापुढे सर्वांना समान लागू असतील.' शेवटची तीन नावे, म्हणजे भाडेकरू, पाहुणे आणि कामाला येणाऱ्या व्यक्ती, मुद्दाम घातली होती. धुणीभांडी करणाऱ्या मावशींनाही मागूनच यावे लागत होते, आणि हे कोणी कधी ठरावात लिहिलेही नव्हते. एका नियमाचा विचार करताना दुसरा दिसला, तो तसाच ठेवणे मला अशक्य झाले. याच नावांवर सभेत सर्वांत जास्त वाद झाला. अकरा विरुद्ध चार मतांनी ठराव संमत झाला. तीन घरे आली नाहीत.

ठराव झाल्यानंतर

दक्षिण आफ्रिकेत १९५० मध्ये प्रत्येक माणसाचा वंश सरकारी दफ्तरात नोंदवणारा आणि कोणी कोणत्या भागात राहावे हे वंशावरून ठरवणारा असे दोन कायदे एकाच वर्षी झाले. केपटाऊनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स ही मिश्र वस्ती ११ फेब्रुवारी १९६६ रोजी गोऱ्यांसाठी राखीव म्हणून जाहीर झाली आणि तिथून साठ हजारांहून अधिक लोक हलवले गेले. हे दोन्ही कायदे १९९१ मध्ये रद्द झाले, तरी तिथल्या शहरांत कोण कुठे राहते यावर त्यांचा ठसा आजही स्पष्ट दिसतो. नियम रद्द करणे आणि त्याचा परिणाम नाहीसा होणे यांत अंतर असते, म्हणून ठराव संमत झाल्यावर लगेच काही कामे करावीत.

पाटी त्याच दिवशी काढावी. वॉचमनला प्रमुखांनी स्वतः, सर्वांसमोर, नवा नियम सांगावा, कारण त्याला जुना नियम तोंडी सांगितलेला असतो आणि नोकरीच्या भीतीने तो तोच पाळत राहतो. आमच्याकडे वॉचमन तीन आठवडे मुलाला हाताने मागची वाट दाखवत होता आणि मुलगाही मुकाट्याने तिकडेच वळत होता. मी एका संध्याकाळी फाटकापाशी थांबलो आणि त्याच्यासोबत पुढच्या जिन्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलो. दुसऱ्या मजल्यावर काकू दार उघडून उभ्या होत्या, त्यांनी त्याला परीक्षा कधी आहे असे विचारले. तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे की कोण कोणत्या जिन्याने जाते, आणि रिकाम्या खोल्यांसाठी दलालाला काय सांगितले जात आहे.

शेवटचे काम दप्तराचे आहे. नवी कमिटी आली की जुन्या वहीतून जुना ठराव शोधून काढला जातो आणि 'आपल्याकडे असा नियम आहेच' असे म्हटले जाते. म्हणून मिनिट बुकात जुन्या ठरावाच्या समासात रद्द झाल्याची तारीख आणि नव्या ठरावाचे पान लाल शाईने लिहावे, दोन्ही पानांची प्रत एकत्र टाचून फाईलमध्ये ठेवावी, आणि कारभार सोपवताना नव्या मंत्र्याला ती फाईल उघडून दाखवून त्याची सही घ्यावी.